गावाकडचं डेंजर वळण सुधारून घ्यायचंय? आधी ते कागदावर आणा

प्रत्येक गावाला असं एक वळण असतंच. आमच्याकडे त्याला विहिरीचं वळण म्हणतात, तुमच्याकडे म्हसोबाचं असेल नाहीतर चिंचेचं. दोन-तीन महिन्यांनी तिथे कोणीतरी पडतं, पोरं गाडी बाजूला काढतात, जखमीला दवाखान्यात नेतात, मग पारावर आठ दिवस चर्चा की जागाच वाईट आहे, कोणीतरी नारळ फोडतं आणि पुढचा पडेपर्यंत विषय बंद. जागा वाईट बिईट काही नसते हो, वळणाची त्रिज्या कमी असते, आतल्या बाजूला ऊस असतो आणि समोरचा दिसत नाही, बस एवढंच.

मी या विहिरीच्या वळणामागे साडेतीन वर्षं फिरतोय. सगळं झालं का, तर नाही. बोर्ड लागले, झुडपं निघतात, साईडपट्टी भरली, आणि मोठ्या कामाचं अंदाजपत्रक तरी तयार झालंय. पण पहिली दोन वर्षं शुद्ध वाया घालवली. आम्ही काय केलं, तर पन्नास सह्यांचं निवेदन दिलं, "आमच्या गावाजवळील धोकादायक वळण तातडीने सरळ करावे अन्यथा रास्ता रोको", सोबत फोटो, पेपरात बातमी पण आली. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे आम्ही आठ महिने चुकीच्या दारात बसलो होतो.

तर पहिलं काम, रस्ता कोणाचा ते शोधा. महाराष्ट्रात ढोबळमानाने असंय की ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे आपण पीडब्ल्यूडी म्हणतो ते, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर प्राधिकरण नाहीतर पीडब्ल्यूडीचाच राष्ट्रीय महामार्ग विभाग. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा, वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर गावचा रस्ता, बहुतेक पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. दगड गायब असेल (आमचा एका घराच्या पायरीत सापडला) तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याला विचारा की या रस्त्याचा नंबर काय. ग्रा.मा., इ.जि.मा., प्र.जि.मा. असं काहीतरी आणि पुढे आकडा असतो. तो आकडा मिळाला की निम्मी लढाई झाली, मजाक नाही करत.

नंबरासोबत दुसरी गोष्ट लागते ती साखळी क्रमांक. म्हणजे रस्ता जिथून सुरू होतो तिथून वळण किती किलोमीटरवर आहे. ऑफिसात कि.मी. ३/४०० ते ३/५५० असं लिहितात, तीन किलोमीटर चारशे मीटर ते तीन किलोमीटर साडेपाचशे मीटर. बाईकच्या मीटरवर मोजा, दोनदा मोजा, मोबाईलवर लोकेशन पण सेव्ह करा. "विहिरीचं वळण" असं नाव सरकारी फायलीत कुठेच नसतं, तिथे फक्त साखळी क्रमांक असतो, आणि ज्याला साखळी क्रमांक नाही त्याचं अंदाजपत्रक होत नाही.

आता वळण मोजा. हे ऐकून आमच्याकडचे लोक हसले होते, इंजिनिअरचं काम तू कशाला करतोस म्हणून. पण इंजिनिअर साहेबांच्या हाताखाली चाळीस-पन्नास गावं असतात, ते तुमच्या वळणावर टेप घेऊन कधी येणार. वीस मीटर सुतळी घ्या, दोन माणसं आणि एक टेप. वळणाच्या आतल्या बाजूच्या डांबराच्या कडेवर सुतळीची दोन्ही टोकं धरायची आणि ताणायची, धनुष्याच्या दोरीसारखी ती साईडपट्टीवरून जाते, रस्त्यावर येत नाही म्हणून आतली बाजूच घ्या. मग सुतळीच्या बरोबर मध्यापासून डांबराच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. ५० ला त्या अंतराने भागलं की त्रिज्या आली, मीटरमधे. अंतर अर्धा मीटर आलं तर त्रिज्या १००, एक मीटर आलं तर ५०, दोन मीटर आलं तर २५ च्या आसपास.

याचा अर्थ काय ते सांगतो, कारण हाच आकडा साहेबांसमोर कामाला येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) सूत्राने ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर, रस्त्याला पूर्ण ७ टक्के उतार आतल्या बाजूला दिलेला असला तरी, ३५-३७ च्या स्पीडपर्यंतच ते वळण ठीक आहे, उतार दिलाच नसेल तर तीसच. २५ मीटर त्रिज्या असेल तर पंचवीस-सत्तावीस. आणि आपली पोरं तिथे साठने येतात, शायनिंग मारत नाहीत, मागचा पुढचा रस्ता सरळ आणि गुळगुळीत झालाय म्हणून आपोआप येतात. रस्ता खराब होता तेव्हा अपघात कमी व्हायचे असं म्हातारी माणसं म्हणतात ना, त्यात तथ्य आहे, वळण तेच पण डांबर नवीन.

उतार आहे का हे बघायला पावसाळ्यात जा. वळणावर पाणी आतल्या बाजूला वाहिलं पाहिजे. मधून दोन्ही बाजूंना वाहत असेल तर वळणाला वेगळा उतार दिलेलाच नाही, सरळ रस्त्यासारखाच ठेवलाय, आणि बाहेरच्या बाजूला वाहत असेल तर वळणच तुम्हाला बाहेर फेकतंय. आमच्याकडे बाहेर वाहत होतं. त्याचा मोबाईलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, एक डबा पाणी ओतून पण काढला, आणि खरं सांगतो पन्नास सह्यांनी जे झालं नाही ते त्या व्हिडिओने झालं, उपअभियंता साहेबांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "हे कधी झालं असं?" म्हटलं साहेब, मागच्या वेळी डांबर टाकलं तेव्हा.

मग नजर मोजा, म्हणजे वळणावर समोरचं किती लांबून दिसतं ते. ४० च्या स्पीडला गाडी थांबायला ४५ मीटर लागतात असं मानक आहे, ६० ला ८० मीटर. पण आपला गावरस्ता पावणेचार मीटरचा, एकच गाडी मावते, समोरून दुसरी आली की दोघांनाही थांबायचंय, म्हणून दुप्पट धरायचं, ४० ला ९० मीटर. एकाने बाईकवर बसायचं, दुसऱ्याने लाल टॉवेल घेऊन वळणापलीकडे चालत जायचं, टॉवेल दिसेनासा झाला की थांबायचं आणि अंतर मोजायचं. हे एप्रिलमधे करू नका, तेव्हा रानं मोकळी असतात आणि सगळं दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे करा, ऊस डोक्यावर गेलेला असताना. आमच्याकडे एप्रिलमधे ८० मीटर आणि ऑक्टोबरमधे २८ मीटर. अठ्ठावीस!

पुढची तयारी अपघातांची, आणि इथेच सगळी गावं मार खातात. महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची, म्हणजे सारखे अपघात होणाऱ्या जागेची, जी सरकारी व्याख्या आहे ती अशी की साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जिवघेणे किंवा गंभीर जखमीचे ५ अपघात, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू. ही मोजणी पोलिसांच्या नोंदींवरून होते. आणि आपल्याकडे काय होतं, दोन दुचाकी घासल्या, एकाचा हात मोडला, दोघंही पाहुण्यातले निघतात, दवाखान्याचा खर्च अर्धा अर्धा करून मिटवतात. चांगली गोष्ट आहे, कोर्टकचेरी कोणाला हवी. पण सरकारी हिशोबात तो अपघात झालाच नाही. मी एक साधी शाळेची वही केली, तारीख, वेळ, कुठली गाडी, कुठून कुठे चालली होती, ओला रस्ता की कोरडा, कोणाला किती लागलं. नावं नाही लिहायची, नाव लिहिलं की लोक सांगत नाहीत. वर्षभरात वहीत अकरा झाले आणि पोलीस स्टेशनला त्यातला एक. वहीमुळे अजून एक कळलं की अकरापैकी आठ जण ओढ्याकडून उतारावरून येणारे होते, म्हणजे बोर्ड त्या बाजूला आधी पाहिजे. एरवी आम्ही तो गावाच्या बाजूला मागितला असता.

इथे एक सांगून ठेवतो, गंभीर अपघात असेल तर मिटवामिटवी करूच नका, १०८ ला फोन करा, पोलिसांना कळवा, नोंद होऊ द्या. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, नाव सांगायची पण सक्ती नाही.

आता अर्ज. माझा सगळ्यात महागात पडलेला धडा हा आहे की एक अर्ज करू नका, दोन करा. वेगवेगळ्या दिवशी दिले तरी चालतील, पण दोन. पहिल्यात फक्त छोट्या गोष्टी मागायच्या, झुडपं आणि फांद्या काढणे, साईडपट्टी मुरुमाने भरणे, दोन्ही बाजूंना वळणाचे इशारा फलक, वळणावर पिवळ्यावर काळे बाण असलेले बोर्ड, कडेला रिफ्लेक्टर, विहिरीला कठडा. हे सगळं देखभाल-दुरुस्तीत बसतं, जमीन लागत नाही, मोठी मंजुरी लागत नाही. दुसऱ्या अर्जात मोठं काम, वळणाची त्रिज्या वाढवणे, उतार दुरुस्त करणे, रुंदीकरण. दोन्ही एकाच अर्जात टाकलं की काय होतं, तर छोटं काम मोठ्याच्या फायलीत जाऊन बसतं, आणि मोठी फाइल जमिनीसाठी थांबते, जमीन थांबली की बाणाचा बोर्ड पण थांबला. आमचा दोन हजार रुपयांचा बोर्ड दीड वर्ष भूसंपादनाची वाट बघत होता.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. रस्त्याचं नाव, नंबर, साखळी क्रमांक, मोजलेली त्रिज्या, दिसणारं अंतर, वहीतल्या अपघातांची संख्या, काय हवंय ते, संपलं. "निष्पाप नागरिकांचे बळी" वगैरे पेपरवाल्यांना ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलायचं नाही, आवकवाले बाई म्हणतील उद्या या, तर म्हणायचं ताई मी बसतो इथेच. पोच नाही तर अर्ज दिलेलाच नाही असं समजा. प्रत आपले सरकार पोर्टलवर पण टाका, आणि ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर मेरी सडक ॲपवर फोटोसकट तक्रार जाते. या योजनेत बांधल्यानंतर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, म्हणून कडेला जो योजनेचा फलक असतो त्यावरची काम पूर्ण झाल्याची तारीख आधी बघा, पाच वर्षं झाली नसतील तर साईडपट्टी आणि बोर्डासाठी निधी नाही हे उत्तर ऐकूनच घेऊ नका.

ग्रामसभेचा ठराव घ्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतातच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमाराला. विषय आधी लेखी द्या, नाहीतर ऐनवेळच्या विषयात घालतात आणि तोपर्यंत माणसं उठून गेलेली असतात. ठरावात पण साखळी क्रमांक येऊ द्या, ग्रामसेवक भाऊसाहेब "वळण दुरुस्त करणेबाबत" एवढंच लिहितील, शेजारी बसून लिहून घ्या.

तीन महिने काहीच झालं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. "काम का झाले नाही" असं विचारू नका, का या प्रश्नाला माहिती म्हणत नाहीत, अर्ज परत येतो. विचारायचं असं, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत झालेल्या कामांची अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेलं काम मोजून ज्यात लिहितात ती) प्रती. तीस दिवसांत उत्तर नाही तर वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील. आमच्या प्रतीत गंमत निघाली, मागच्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात आमच्या वळणाला बोर्ड होते, मोजमाप पुस्तिकेत पण होते, रस्त्यावर नव्हते. कोणावर आरोप नाही करत, चोरीला गेले असतील, पण ती झेरॉक्स टेबलावर ठेवल्यावर तीन आठवड्यांत नवे बोर्ड आले.

वरच्या पातळीवर जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, आरटीओ, बांधकामवाले सगळे एका टेबलावर. सुप्रीम कोर्टाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात या समित्या हव्यातच असं सांगितलंय. तिथे अर्ज द्या आणि मागणी छोटी ठेवा, की आमच्या वळणाची पोलीस, आरटीओ आणि बांधकाम विभागाने संयुक्त पाहणी करावी. पाहणीला ते आले की वही, सुतळी, टॉवेल घेऊन हजर राहा, चहाची सोय करा, भाषण करू नका. रस्ता मानकाप्रमाणे न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ आहे, ते अर्जात एका ओळीत लिहा, तोंडाने धमकी नको.

आता मोठं काम का अडतं ते समजून घ्या म्हणजे डोकं कमी फिरतं. आपले रस्ते मूळचे गाडीवाटा, बांधाबांधाने गेलेल्या, बैलगाडीला काटकोनात वळायला काही अडचण नव्हती. त्याच वाटेवर मुरूम पडला, मग खडी, मग डांबर. म्हणजे वळण सरळ करायचं तर कोणाच्या तरी रानाचा कोपरा जाणार. कित्येक ठिकाणी आत्ताचा रस्ता पण सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्याच नावावर आहे, आजोबांनी तोंडी दिला होता. ग्रामसडक योजनेत जमीन विकत घ्यायला पैसेच नसतात. त्यात मधे महावितरणचा खांब, कोकणात असाल तर वन विभाग. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, आणि या रांगेत कुठेतरी आचारसंहिता लागते, ती उठते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. पैशाचं विचाराल तर ३०५४ हेडमधून (हेड म्हणजे सरकारी बजेटमधलं खातं) देखभाल आणि ५०५४ मधून नवीन काम, हे दोन आकडे पाठ करून ठेवा, "कुठल्या हेडमधून बसवायचं" हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. आणि हे फक्त गावरस्त्याचं रडगाणं नाही, पुणे-सातारा महामार्गावरचं खंबाटकीचं एस वळण घ्या, २०१८ मधे कर्नाटकातल्या मजुरांचा टेम्पो तिथे उलटला होता, सगळ्या देशाला माहीत असलेलं वळण, तरी उपाय म्हणून नवीन बोगदे खणायला घेतले आणि त्यालाही वर्षं लागली.

म्हणून जमिनीची वाट बघत बसू नका, आधी नजर मोकळी करा. माझा हिशोब असा होता, ५० मीटर त्रिज्या, बोर्ड आणि रंबलर (रस्त्यावरचे खडखडणारे आडवे पट्टे) लावून स्पीड तीसवर आणला तर दोन्ही गाड्यांना मिळून ६० मीटर दिसायला हवं, त्यासाठी आतल्या बाजूला सात-आठ मीटरचा पट्टा मोकळा, म्हणजे दोन-तीन गुंठे. हे गुंठे विकत घ्यायचे नाहीत, फक्त तिथे उंच पीक नको. आप्पांकडे गेलो, रान त्यांचं. म्हणाले, "लेका, म्हणजे ऊस माझा आडवा येतो आणि गाड्या तुमच्या सुसाट." तासभर बोलणं झालं, नुकसान किती, पाण्याची पाळी, सगळं निघालं. शेवटी त्यांनी कोपऱ्यावर ऊस सोडून भुईमूग लावला आणि आम्ही तरुण मंडळाकडून त्यांचा तेवढ्या कोपऱ्याचा बांध नीट करून दिला. कागद काही नाही, शब्दावर. दरवर्षी जूनमधे जाऊन परत विचारावं लागतं, तेवढं चहापाणी ठेवा.

ऊसपट्ट्यात असाल तर अजून एक बघा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापते, आतली साईडपट्टी तिनेच खाल्लेली असते. साठ मीटरपेक्षा कमी त्रिज्येला सिंगल रस्ता पण वळणावर साधारण साठ सेंटीमीटर जास्त रुंद असायला हवा, हे मोठ्या अर्जात लिहा. आणि हंगामाआधी कारखान्याच्या शेती विभागाला भेटून ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावायला सांगा, ते लावतात, फक्त कोणीतरी आठवण करावी लागते.

स्वतः काय करू नये, तर स्पीडब्रेकर टाकू नका. रातोरात मुरमाचा ढीग घालून वर डांबर, रंग नाही, बोर्ड नाही, त्यावरच पहिला माणूस पडतो आणि मग केस कोणावर ते तुम्हीच ठरवा. झाडांना पांढरे-तांबडे पट्टे ओढा, ते चालतं, चुना आणि गेरू दोनशे रुपयांत येतो आणि रात्री लाईटमधे बऱ्यापैकी दिसतो. आरसा लावायचा असेल तर आधी ऑफिसला लेखी कळवा. आमच्या आरशाला पोरांनी पंधरा दिवसांत दगड मारला, पण ते पंधरा दिवस बरे गेले.

काम झालं की त्याच आठवड्यात परत जा, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. डांबराचा नवा थर आला की रस्ता वर येतो आणि साईडपट्टी तिथेच राहते, कडेला चार-सहा बोटांची पायरी होते, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून बाईक खाली उतरवली की चाक परत वर येताना सरकतं. ठेकेदाराचं बिल निघायच्या आत हे लेखी द्या, पाण्याचा डबा पण परत ओता. आमच्याकडे बोर्ड लागल्यावर रात्री गेलो तर एक बाण उलटा लावलेला, विहिरीकडे.